मागच्या खोलीतलं पिक अप

इंग्रजीतलं ‘पिक अप’ हे क्रियापद गडहिंग्लजला रुद्राप्पा कडगाव्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आलं, तेव्हा रुद्राप्पा दाढी करायला गेले होते. ते परत येईतो त्याची ट्रंक खोलीत गेली होती, आणि निलाक्कानं, म्हणजे रुद्राप्पांच्या बायकोनं, त्याला चहासुद्धा दिला होता.

ते खरं तर बेळगावला निघालेलं. संकेश्वरला गाडी बदलायला उतरलं आणि समोरच्या एसटीवरची पाटी त्यानं वाचली. ‘गडहिंग्लज’ हे त्याला ‘गड इंग्लिश’ असं दिसलं. इंग्रजी शब्दांनी बांधलेला एखादा गड असेल, आपली चार माणसं भेटतील, अशा आशेनं ते चढलं. उतरल्यावर चूक कळली, पण गाव त्याला बरं वाटलं. गावालाही त्याचं फार नवल वाटलं नाही. पूर्वी ‘अलबत’ नावाचं एक फारसी अव्यय कोष्टी गल्लीत कैक वर्षं राहून गेलं होतं. स्वभावानं चांगलं होतं. कशालाही हो म्हणायचं.

पिक अप होतं एकच, पण दोन तुकड्यांत होतं. पुढचा तुकडा ‘पिक’, तो उंच, हडकुळा, बोटं लांब. मागचा तुकडा ‘अप’, तो बुटका, आणि त्याची मान कायम वर. चालायचे एकामागं एक, बोलायचेही तसंच. पिक वाक्य सुरू करायचा आणि अप ते संपवायचा. भाडेकरूची नोंद करायला रुद्राप्पा त्यांना चौकीवर घेऊन गेले, तेव्हा हवालदारानं पेन वर धरून विचारलं की हे एक लिहायचं का दोन. पिक म्हणाला, “लिहायचं तर एकच लिहा,” आणि अप म्हणाला, “पण जागा दोघांची सोडा.” हवालदारानं तसं लिहून घेतलं. व्यवसाय काय, या प्रश्नाला मात्र वेळ लागला. त्याचे व्यवसाय बरेच होते.

ते व्यवसाय, म्हणजे त्याचे अर्थ, ट्रंकेत घड्या घालून ठेवलेले होते. सदरे असतात तसे. ज्या दिवशी जो अर्थ चालवायचा तो अंगात घालायचा, संध्याकाळी काढून ठेवायचा. निलाक्का म्हणाली, बिचारं लांबून आलंय, धुणं मी धुईन. आणि तिनं धुतलं. दुसऱ्या दिवशी घरामागच्या परड्यातल्या तारेवर रुद्राप्पांचं एक धोतर, एक बनियन, आणि शेजारी त्या पाहुण्याचे अर्थच अर्थ फडफडत होते. रुद्राप्पा बराच वेळ तारेकडं बघत उभे राहिले.

आता त्यांच्या मनाला का लागलं, ते समजून घ्यायला पाहिजे. रुद्राप्पा मिरची बाजारात हमाल होते. जन्मभर त्यांनी एकच काम केलं, उचलायचं. पोतं पाठीवर घ्यायचं, थप्पीवर टाकायचं, परत यायचं. उचलणं या शब्दाला आणखी काही अर्थ असतो, हे त्यांच्या कानावर होतं, पण त्याच्याशी त्यांचा संबंध आला नव्हता. लोक दुसऱ्याचं उचलतात, कुणी कुणाची बाजू उचलून धरतं, ते लोकांचं. आपलं पोत्याचं. पाठ गेल्यापासून तेही सुटलं होतं. आणि आता त्याच कामाचा एक परदेशी शब्द घरात आला होता, नि त्याच्याकडं इतके सदरे होते.

पिक अप वागायला वाईट नव्हतं. निलाक्काला ‘आक्का’ म्हणायचं. बहिणीच्या नात्यानं म्हणतंय, म्हटल्यावर रुद्राप्पांना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांना ते ‘मामा’ म्हणायचं, आणि बहिणीचा नवरा मामा कसा होतो, हे कोडं त्यांना सुटेना.

घरात फोन वाजला की रुद्राप्पा म्हणायचे, वाजू दे, लागलं तर परत करतील. आता फोन वाजला की पिक अप एक निळा सदरा चढवून पुढं यायचं आणि उचलायचं. पुण्याची लेक खूश झाली. निलाक्का नातवासाठी लोकरीचं टोपडं विणत बसायची, तिचा टाका सुटायचा, तर पिक अप दुसरा सदरा घालून तो सुटलेला टाका अलगद वर घ्यायचं. तिच्या जुन्या रेडिओवर धारवाड केंद्र कधी लागायचं नाही, नुसती खरखर. पिक अपनं शेजारी बसून धारवाड धरलं. कानडी गाणी घरात घुमायला लागली, आणि निलाक्का भाकरी थापता थापता मान हलवायला लागली. रुद्राप्पांनी तिची मान अशी हलताना लग्नानंतर पाहिली नव्हती.

निलाक्का हुक्केरीकडची. माहेरची बोली कानडी. लग्न होऊन आली तेव्हा तिनं मराठी शिकून घेतली. रुद्राप्पांनी कानडी शिकायचं काही कारण पडलं नाही. इतकी वर्षं तिच्या माहेरी गेले की ते ओट्यावर बसायचे आणि हसायचे. पिक अपनं मात्र नुसत्या कानावरून, शाळा नाही, पाटी नाही, आठवड्याच्या आत कानडी उचलली. हाही त्याचा एक सदराच होता. स्वयंपाकघरात दोघांचं कानडीत काहीतरी चालायचं, आणि मधेच निलाक्का हसायची. रुद्राप्पा बाहेरनं विचारायचे, काय गं, काय झालं? ती म्हणायची, काही नाही, ते मराठीत सांगून हसू येत नाही.

नाकाला मिरची झोंबणं म्हणजे काय, हे रुद्राप्पांना धंद्यामुळं चांगलं माहीत होतं. पण बाजारात मिरची झोंबली की शिंक येऊन मोकळं होतं. ही झोंबायची आणि शिंक यायची नाही.

एकदा पिक अपला सर्दी झाली. एसटीतनं जाऊन आलं आणि कुणाची तरी लागण घेऊन आलं, तोही त्याचा एक अर्थच. निलाक्कानं गवती चहा, आलं, मिरी घालून काढा केला, तोही मोठ्या पितळी पातेल्यात, जे दिवाळीलाच खाली निघायचं. रुद्राप्पांनी त्याच रात्री खोकून बघितलं. ती म्हणाली, पडसं आहे, झोपा.

रविवारी त्याची भावकी बाहेरगावाहून भेटायला यायची. समानार्थी शब्द म्हणजे भावकीच ती. दिसायला सारखे, पण एकाच्या जागी दुसरा बसला तर चालत नाही. ‘लिफ्ट’ यायचं, ते मोठ्या माणसांत वावरलेलं. स्वतः जागचं हलायचं नाही आणि दुसऱ्यांना वर पाठवायचं. ‘फेच’ यायचं, ते कुत्र्यांच्या संगतीत वाढलेलं, काहीही फेकलं की धावायचं. ‘लर्न’ फी भरून शिकलेलं, म्हणून कानावरून शिकलेल्या पिक अपशी जरा अंतर ठेवून बसायचं. ‘कलेक्ट’ तेवढं त्याच्यामागोमाग गावातच खोली घेतलेलं, सरकारी तोंडाचं, चहा घेतला तरी कप मोजून परत द्यायचं. निलाक्का सगळ्यांना पोहे करायची. रुद्राप्पा पुढच्या सोप्यावर बसून त्यांच्या चपला मोजायचे.

यातलं सगळं रुद्राप्पांनी गिळलं असतं. पण एका दुपारी ते जेवून आत पडले होते, आणि निलाक्का शेजारणीला सांगत होती, “हे जेवलं की मग भांडी घासायला घेते.”

रुद्राप्पा उठून बसले. ‘हे’ म्हणजे ते स्वतः होते. लग्न झाल्यापासून निलाक्काच्या तोंडात त्यांना हे एकच नाव होतं. हे आले, हे गेले, हे झोपले, ह्यांना भूक लागली. ‘रुद्राप्पा’ हा शब्द तिनं कधी उच्चारला नव्हता. गावात दुसरा रुद्राप्पा होता, किराणावाला, त्यालासुद्धा ती ‘ह्यांच्या नावाचा’ म्हणायची. आणि आज ‘हे’ म्हणाली, पण ‘जेवले’ म्हणाली नाही. ‘जेवलं’ म्हणाली. क्रियापदाला मराठीत ‘ते’ म्हणतात आणि जवळ असलं की ‘हे’ म्हणतात, हे व्याकरण रुद्राप्पांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की आपलं नाव दुसऱ्याला दिलं गेलं, आणि तो दुसरा दारातून नाही, शेवटच्या एका अक्षरातून घरात शिरला.

संध्याकाळी त्यांनी तिला विचारलं, “तू दुपारी कुणाला ‘हे’ म्हणालीस?”

“कुणाला म्हणजे? पिक अपला.”

“मग मला काय म्हणायचं?”

निलाक्का पीठ चाळत होती. तिनं चाळण थांबवली नाही. “तुम्हाला ‘हे’च,” ती म्हणाली. “दोघं घरातच असता. मी काय करू?”

रुद्राप्पांनी चपला घातल्या. ते शिंत्रे मास्तरांकडं गेले. मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि दोन घरं सोडून राहायचे. रुद्राप्पांनी विचारलं, की या पाहुण्याचे एकंदर अर्थ तरी काय काय आहेत, मला सगळे सांगा. मास्तरांनी चष्मा पुसला आणि सांगायला सुरुवात केली. खाली पडलेलं उचलणं. माणसाला स्टँडवरून घेऊन येणं. मंदावलेला धंदा सुधारणं. गाडीनं वेग घेणं. पडलेल्या माणसानं स्वतःला सावरणं. जिथं गोष्ट सुटली, तिथून पुढं धरणं. रुद्राप्पा प्रत्येकाला मान हलवत होते, कारण हे सगळे सदरे त्यांनी तारेवर पाहिले होते. मग मास्तर थांबले, आत बायको आहे का ते बघितलं, आणि आवाज खाली केला.

“आणखी एक आहे. परक्या बाईमाणसाशी गोड बोलून ओळख काढायची, आणि तिला आपल्याबरोबर घेऊन जायचं.”

रुद्राप्पांनी तो सदरा तारेवर पाहिला नव्हता.

ते घरी आले आणि सरळ मागच्या खोलीत गेले. पिक अप पाय लांब करून बसलं होतं, पिक भिंतीला, अप पिकला टेकून. रुद्राप्पांनी उभ्याउभ्याच विचारलं, की तसला एक अर्थ तुझ्याकडं आहे की नाही. पिक अपनं लपवाछपवी केली नाही. आहे, पिक म्हणाला. पण तो आम्ही इथं घालत नाही, अप म्हणाला. ट्रंकेच्या तळाला आहे, डांबरगोळ्या टाकून. इथं त्याचं काम पडलेलं नाही. रुद्राप्पा म्हणाले, पडू नये. पिक अप म्हणालं, आमचंही तेच म्हणणं आहे. बोलणं सभ्यपणानं झालं.

पण रुद्राप्पांची झोप गेली. दिवसा ते तारेवर नजर ठेवायचे. संध्याकाळी मागच्या खोलीच्या भिंतीला खाट लावून पडायचे, पाठ दुखते म्हणून. भिंत पातळ होती. पलीकडं निलाक्का वाती वळत बसायची आणि पिक अपला गोष्ट सांगायची. रोज थोडी. दिवा लावायची वेळ झाली की अर्ध्यात उठायची. दुसऱ्या दिवशी पिक अप एक मळकट तपकिरी सदरा घालून विचारायचं, की आक्का, काल म्हैस चिंचेखाली बांधली होती, पुढं? आणि ती तिथून पुढं सांगायला लागायची. गोष्ट मात्र ती मराठीतच सांगायची, का कुणास ठाऊक. ही गोष्ट रुद्राप्पांना ठाऊक होती, म्हणजे गोष्ट आहे एवढं ठाऊक होतं. नव्या नवरीपणी ती त्यांना सांगायला लागली होती, तेव्हा ते म्हणाले होते, राहू दे, सकाळी लवकर बाजारात मिरचीची गाडी लागायचीय. त्यानंतर मग राहिलीच. आता भिंतीला कान लावून ते ऐकत होते, आणि ऐकता ऐकता जळत होते. गोष्ट आपल्या घरातली, आपल्या बायकोच्या आईची, आणि ती भिंतीपलीकडं वाढली जात होती.

मग ऊन कडक पडलं तशी निलाक्कानं घरातल्या गाद्या, गोधड्या, उश्या उन्हात टाकल्या. बरोबर पाहुण्याची ट्रंकही पूर्ण उपसली. रुद्राप्पा बाजारातून आले तर तारेच्या मधोमध एक रेशमी सदरा, फुलाफुलांचा, मोठ्या कॉलरचा, वाऱ्यावर हलत होता. त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. रुद्राप्पांनी हातातली पिशवी तिथंच खाली ठेवली. 

त्याच दुपारी निलाक्काच्या भावानं ज्वारीचं पोतं पाठवलं. टेंपोवाल्यानं ते परड्याच्या दारात टाकलं आणि गेला. पिक अप नेहमीप्रमाणं पुढं झालं.

“लांब व्हा,” रुद्राप्पा म्हणाले. “हे काम मराठीतलं आहे.”

निलाक्का दारातून म्हणाली, “अहो, पाठ.”

रुद्राप्पांनी धोतर खोचलं. गुडघे वाकवले, पोत्याचे दोन कान धरले, आणि ज्या तऱ्हेनं बाजारात घ्यायचे त्या तऱ्हेनं पोतं पाठीवर घेतलं. घेतलं खरं. आलंही. एक पाऊल टाकलं आणि कंबरेत उसण भरली. पोतं एका बाजूला गेलं, रुद्राप्पा दुसऱ्या बाजूला. ते परड्यात उताणे पडले, तारेखाली, आणि वर ते फुलाफुलांचं रेशीम हलत होतं. त्यांना हात हलवता येईना की पाय.

निलाक्का धावत आली. तिनं हाताला धरून ओढून पाहिलं, रुद्राप्पा कण्हले. ती पिक अपकडं वळून म्हणाली, ह्यांना उचला. पिक अप जागेवरच उभं. पिक म्हणाला, आक्का, ‘उचला’ हा हुकूम दुसऱ्या शब्दाला जातो. अप म्हणाला, आम्हाला आमच्या नावानं सांगा. गडबड ऐकून शिंत्रे मास्तरही येऊन कुंपणावरून बघत होते. ते म्हणाले, वहिनी, बरोबर आहे त्याचं, नियम आहे. त्याच्या नावानं सांगा, आणि कुणाला उचलायचं तेही सांगा, तरच वाक्य होईल.

निलाक्काला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं, पाहुण्याच्या दोन तुकड्यांकडं बघितलं, आणि जिथं मोकळी जागा दिसली तिथं नवऱ्याला घातलं.

“पिक ह्यांना अप,” ती म्हणाली.

मास्तरांनी कुंपणावरच टाळी वाजवली. वर्गातल्या पोरांना हे वर्ष वर्ष येत नाही, ते म्हणाले. नाव असलं तर आत बाहेर कुठंही चालतं. पण सर्वनाम असलं की ते मधेच बसलं पाहिजे.

पिक डोक्याकडनं आला, अप पायाकडनं. दोघांनी रुद्राप्पांना मधे घेतलं आणि पिसासारखं उचललं. असं उचललं जाणं काय असतं, हे रुद्राप्पांना ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. सोप्यावर आणून बसवलं, एका अंगाला पिक, एका अंगाला अप, आणि मधे ते.

आणि मग तिघांना उठता येईना. पिकनं उठायचा प्रयत्न केला तर अप खेचला जायचा, आणि रुद्राप्पा दोघांना. वाक्य झालं होतं, ते आता तसंच राहिलं होतं. मास्तरांनी आत येऊन नीट पाहणी केली आणि सांगितलं, काळजीचं कारण नाही, सुटायची सोय व्याकरणात आहे. वहिनींनी सर्वनामाच्या जागी नाव घ्यायचं. नाव घेतलं की त्याला मधे राहायची सक्ती नाही, ते शेवटाला नेऊन ठेवता येतं. पिक आणि अप पुन्हा जवळ येतील, आणि यजमान बाहेर पडतील. एकदाच घ्यायचं आहे. लाज वाटत असेल तर उखाण्यात घ्या.

निलाक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.  तिनं ओठ उघडले.

रुद्राप्पांच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. नाव घेतलं की हे दोन तुकडे पुन्हा जोडले जाणार. जोडले की पाहुणा मोकळा. पाहुणा मोकळा म्हणजे त्याचे सगळे सदरे मोकळे, फोनचा, धारवाडचा, कानडीचा, आणि तो तारेवरचा. आपण मधे बसलोय तोवर ह्याला दुसऱ्या कुणालाही उचलता येणार नाही. जागा भरलेली आहे.

“राहू दे,” ते म्हणाले. “मी मधे बरा आहे. पाठीला दोन्हीकडनं टेकू मिळतो.”

“अहो, असं कसं?”

“नावाची घाई नाही. इतकी वर्षं नाही घेतलंस, आता कशाला?”

निलाक्कानं त्यांच्याकडं बघितलं. मग तोंड मिटलं आणि भाकरी टाकायला गेली.

तेव्हापासून रुद्राप्पा मधे. जेवायला तिघांची ताटं एका ओळीत. पिकला उजव्या हाताला जागा लागायची, अपला भाकरी वर धरून खायची सवय. रात्री तिघं एका सतरंजीवर. पिक अपनं तक्रार केली नाही. वाक्यात कुणीतरी बसलेलं असणं त्याला नवीन नव्हतं. मामा, टोचत तर नाही ना, एवढं पिक विचारायचा, आणि अप पांघरूण वर ओढायचा.

जिंकले होते रुद्राप्पा. परड्यातली तार रिकामी झाली. रेशमी सदरा ट्रंकेत गेला, त्यावर इतर सगळे गेले, कडी लागली. फोन वाजायचा आणि वाजून थांबायचा. रेडिओवर पुन्हा खरखर आली, तेव्हा निलाक्कानं तो बंद करून त्यावर रुमाल घातला. टोपड्याचा टाका सुटला, तो सुटलाच. स्वयंपाकघरात कुणी हसत नव्हतं. संध्याकाळी निलाक्का सोप्यावर येऊन वाती वळत बसायची. तिघांसमोर. काही बोलायची नाही. पिक अपला सदराच नव्हता, तर ते विचारणार कसं?

पहिले काही दिवस रुद्राप्पांना ही शांतता मानवली. मग ती टोचायला लागली. इतके दिवस ते भिंतीला कान लावून ज्याच्यावर जळत होते, ते आता कुठंच नव्हतं. भिंतीच्या पलीकडंही नाही, अलीकडंही नाही. निलाक्काच्या हातातली वात वळून व्हायची, ताटलीत पडायची, दुसरी सुरू व्हायची.

एका संध्याकाळी रुद्राप्पा खाकरले.

“नदीला पाणी होतं म्हणतेस,” ते म्हणाले. “मग म्हैस उतरली का पाण्यात?”

निलाक्काची वात थांबली. “कुठली म्हैस?”

“कुठली काय. तुझ्या आईची. तुझ्या वडलांनी दुष्काळात विकली ती. पलीकडच्या गावच्या माणसानं नेऊन चिंचेला बांधली, तिनं दावं तोडलं, रातोरात नदीच्या काठाला आली. पाणी चढलेलं होतं, आणि अलीकडं तुमच्या गोठ्यातला दिवा दिसत होता. तिथं उठलीस तू.”

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“भिंत पातळ आहे.”

 पिक आणि अप दोघंही समोर बघत होते, आपला संबंध नाही अशा चेहऱ्यानं. निलाक्कानं ताटली बाजूला सरकवली.

म्हैस उतरली पाण्यात, ती सांगायला लागली. नाकपुड्या तेवढ्या वर. पहाटे आईनं दार उघडलं तर ही गोठ्यासमोर उभी, अंगाला शेवाळ. सकाळी तो माणूस काठी घेऊन मागोमाग आला आणि घेऊन गेला. ती परत आली. त्यानं परत नेली. पाऊस संपेपर्यंत हेच. शेवटी तो आला तो काठी न घेता आला. दमला होता. एकटा माणूस, घरी कुणी नाही. आईनं त्याला भाकरी दिली. त्यानं म्हशीला वैरण टाकली. आणि मग तो गेलाच नाही. तिथंच राहिला, म्हशीचं करत, मरेपर्यंत. मराठीत शब्द कमी पडायला लागले तसे तिनं कानडीत सांगितले. रुद्राप्पांनी थांबवलं नाही. अर्धं कळलं, अर्धं तिच्या हातवाऱ्यांवरून घेतलं.

“तुझे वडील जळत असतील त्याच्यावर,” रुद्राप्पा म्हणाले.

“जळायचे की. जन्मभर.”

“मग?”

“मग काय. त्याच्या शेजारीच जेवायला बसायचे.”

रुद्राप्पांनी उजवीकडं बघितलं, मग डावीकडं. अपचं पांघरूण खांद्यावरून घसरलं होतं. ते त्यांनी जरा वर केलं. निलाक्का उठून दिवा लावायला गेली, आणि जाता जाता म्हणाली, उद्या म्हशीच्या रेडकाचं सांगते.

पुढच्या आठवड्यात शिंत्रे मास्तर दारात आले. शाळेत तपासणीला साहेब येणार होते, त्यांना स्टँडवरून घेऊन यायचं होतं, आणि इंग्रजीचे साहेब म्हटल्यावर तिथं पिक अपच गेलं तर शाळेचं वजन पडेल, असं मुख्याध्यापकांचं मत होतं. तासाभरासाठी मिळेल का, मास्तर विचारत होते. वहिनींनी आता तरी नाव घ्यावं, म्हणजे सगळ्यांचीच सोय होईल, असंही त्यांनी हळूच सुचवलं.

निलाक्का उंबऱ्यात उभी होती. मागं सोप्यावर तिघं एका ओळीत बसून शेंगा फोडत होते. पिक निवडून द्यायचा, रुद्राप्पा फोडायचे, अप टरफलं वर उडवायचा.

“रिकामं नाही ते,” ती म्हणाली. “त्यात आमचे हे बसलेत.”

रुद्राप्पांच्या हातातली शेंग फुटायची राहिली. ‘बसलेत’, त्यांनी मनात एकदा म्हणून बघितलं, आणि मग फोडली.

मास्तरांनी आत डोकावून खात्री करून घेतली. जागा खरोखरच भरलेली होती. मग त्यांनी विचारलं, की त्याच अर्थाचं दुसरं कुणी गावात असेल का. निलाक्कानं हात करून दाखवलं. कडगाव रोडला पिठाच्या गिरणीमागं ‘कलेक्ट’ राहतं, ती म्हणाली. साहेबांना घेऊन येईल, पण तुमच्याकडं आधी पावती मागेल.

मास्तर बरं म्हणाले आणि गिरणीच्या दिशेनं चालायला लागले.